कापड आणायला गेलेल्यास

रमजानला नऊ दिवस बाकी, शनिवार

हजरत,

तुझ्या सलामाला माझाही सलाम. सलाम परत करणं भाग असतं म्हणून करते, त्यात माया शोधत बसू नकोस.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. मला वाचता येत नाही हे तू विसरला असशील तर आठवण करून देते, कारण शेवटच्या पत्रात तू मला दीड पान उपदेश केला आहेस आणि वर 'स्वतः वाचून विचार करावा' असंही म्हटलं आहेस. वाचलं खालच्या मजल्यावरच्या पोस्टवालीनं. एकतीस वर्षं पोस्टात शिक्के मारून ती निवृत्त झाली, आता माझी पत्रं वाचते आणि लिहिते. विचारही तिनंच केला. मला म्हणाली, नातवाचं अक्षर सुधारलंय. म्हटलं, हात थरथरायचा थांबला की कुणाचंही सुधारतं.

तर त्या केंद्रात तुला पाच महिने झाले. लाकडाच्या वखारीवरची लांब खोली, अकरा गाद्या, फोन बंद, पाच वेळा नमाज, मधल्या वेळात खाली जाऊन फळ्यांना रंधा मारायचा, आणि रोज सकाळी डॉक्टरनं दिलेली गोळी जिभेखाली ठेवून विरघळू द्यायची. चांगलं आहे, माझं काही म्हणणं नाही. पण ओळीआड अल्लाहचं नाव घालून तू जे लिहितोस ते ऐकून वाटतं, पूर्वी तू तासातासाला पुडी हुंगत फिरायचास, आता तासातासाला सवाब, पुण्य हुंगत फिरतोस. नाक तेच आहे.

तू लिहितोस, अल्लाहनं आपल्याला माफ केलं असं तुला सजद्यात आतून जाणवलं. केलं असेल. त्याचं मन मोठं. शिवाय त्यानं तुला कापड आणायला पाठवलं नव्हतं. मी पाठवलं होतं.

ती सकाळ तुला नीट आठवत नसणार. तेव्हा तू शुद्धीवर कमीच असायचास. म्हणून सांगते. तुझी अम्मी, माझी एकुलती एक लेक, सकाळी गेली. चाळीस वर्षं मी या वस्तीतल्या बायकांच्या मय्यती न्हाऊ घालते आहे, त्या दिवशी पोटच्या पोरीला घातलं. चुलीवर पाणी ठेवलं आणि तुला कफनाचं कापड आणायला धाडलं. दुकान चार गल्ल्या पलीकडे. तू चौथ्या दिवशी उगवलास. रिकाम्या हातांनी. आणि दारात उभा राहून विचारलंस, अम्मी कुठेय.

मय्यत ताटकळत ठेवता येत नाही. दुपारची नमाज टळली, नंतरचीही टळायला आली, तेव्हा ज्या लाँड्रीत ती इस्त्री करायची तिथल्या मालकानं दोन धुतलेल्या पांढऱ्या चादरी पाठवल्या. मी त्या फाडून पाच तुकडे केले. बाईला पाच लागतात. अंथरुणाला खिळायच्या आधी तिनंच त्या चादरींची घडी घालून ठेवली होती. कुणी सांगितलं नाही मला. मी तिची घडी ओळखते.

त्याच्या पुढच्या आठवड्यात मी माझं स्वतःचं कापड स्वतः जाऊन आणलं. पेटीत तळाशी आहे, कापूर घालून. माझ्या वेळी तुला कुठे धाडायला नको. आणि माफीचं म्हणशील, तर तुझी तिकडे चांगली ओळख झाली आहे, तिथेच माग. इथे दुकान बंद आहे.

नानी


दुसरा रोजा, मंगळवार

हजरत,

तुझं पत्र आज आलं. पोस्टवालीनं ते एकदा मनात वाचलं आणि मग मोठ्यानं वाचायला टाळाटाळ करायला लागली. तिथेच मी ओळखलं की तू काहीतरी उद्योग केला आहेस.

तीसच्या तीस रोजे धरणार, आणि पहिल्या रोज्यापासून गोळी बंद. वा. मी म्हणणार होते की अरे शहाण्या, गोळी सूर्य बुडाल्यावर घे, डॉक्टरला विचारून वेळ बदल. पण ते तू आधीच लिहून ठेवलं आहेस. म्हणे प्रश्न वेळेचा नाहीच, गोळी हीच नशा आहे, आणि अंगात नशा ठेवून तोंडाला रोजा लावणं म्हणजे ढोंग. हे ज्ञान तुला मुकादमानं दिलं. तुमच्यातलाच जुना, चार वर्षं सुटलेला, आता तुमच्यावर देखरेख करणारा. तो पूर्वी काय करायचा हे तूच पहिल्या पत्रात हौसेनं लिहिलं होतंस. रस्त्यातली गटारांची लोखंडी झाकणं काढून विकायचा. चार वर्षांत माणूस झाकणांवरून थेट फतव्यांवर पोचला. प्रगती आहे.

मी चप्पल घातली आणि इमामांकडे गेले. म्हातारे मशिदीच्या मागच्या खोलीत फाटकी चटई शिवत बसले होते. एक कान गेलेला आहे, दुसऱ्यात ओरडून सांगावं लागतं. मी ओरडले. बाहेर नमाजेआधी हातपाय धूत, वुजू करत बसलेल्या चौघांनीही ऐकलं, तेव्हा तुझी खबर आता सगळ्या वस्तीला आहे, मला वेगळी सांगायला नको. म्हाताऱ्यांनी सुई चटईत खोचून ठेवली.

"डॉक्टरनं दिलंय ना? मग औषध आहे ते. कधी थांबवायचं ते डॉक्टर सांगेल. मी नाही सांगू शकत, मग तो झाकणवाला कोण?"

मी म्हटलं, रोज्याचं काय?

"आजाऱ्याला सवलत आहे. ती मी नाही दिली, वरून आली आहे. दिलेली सवलत जो परत करतो तो अल्लाहला खूश करत नसतो, स्वतःला करत असतो." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "तुमचे रोजे चालू आहेत वाटतं. या वयात. त्या रक्तदाबावर." मी म्हटलं, मला एवीतेवी चावता येत नाही, त्यात रोजा काय आणि बिनरोजा काय. त्यांना ते ऐकू आलं नाही, किंवा आलं.

तिथून आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टरकडे. तो सांगतो, गोळी अशी एकदम तोडली की माणूस आठ-पंधरा दिवस तडफडतो आणि मग पाय आपोआप जुन्या गल्लीकडे वळतात. तिथे गेला की जुन्याच मापानं घेतो. पण अंग ते माप विसरलेलं असतं. मग एकदाच घ्यावं लागतं, दुसऱ्यांदा घ्यायला तो उरत नाही. तो हे सगळं माझा दाब मोजता मोजता बोलला आणि मशीनवरचा आकडा बघून मशीनलाच दोष दिला.

एक लक्षात ठेव. मी फक्त बायकांना न्हाऊ घालते. तुला न्हाऊ घालायची मला परवानगी नाही. ते काम परक्या हातांवर जाईल, आणि ते लोक कोपरांच्या मागे नीट धूत नाहीत, मी ऐकून आहे.

पत्राच्या शेवटी तू लिहिलं आहेस की अम्मीनं किडन्या बिघडलेल्या असतानाही तीस रोजे धरले, एक सोडला नाही, आणि तू तिचाच मुलगा आहेस. तुझी अम्मी वेगळी होती. तो विषय काढू नकोस. पोस्टवाले, लिही, माझ्या तोंडाकडे काय बघत बसलीस.

गोळी घे.

नानी


सातवा रोजा, रविवार

हजरत,

तुझं पत्र वाचताना पोस्टवाली तीनदा अडखळली. अक्षर पुन्हा पहिल्यासारखं झालंय म्हणे. म्हणजे हात सांगतोय, तू नाही सांगितलंस तरी.

घाम, जुलाब, रात्रभर पाय झाडणं, हाडांत कुणी सळई फिरवल्यासारखं, आणि हे सगळं तू असं लिहिलं आहेस जसं कुणी पदक मिळाल्याचं लिहावं. दुखणं म्हणजे इबादत असती तर आपल्या सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात रोज संत-वली जन्माला आले असते.

एक गोष्ट मात्र मी दोनदा वाचून घेतली. तू लिहितोस, नमाजेच्या रांगेत, सफेत खांद्याला खांदा लावून उभं राहिलं की तुझी थरथर शेजाऱ्याला कळते. मग डावीकडचा आणि उजवीकडचा, दोघंही न बोलता जरा जास्त टेकतात, आणि तुला पडू देत नाहीत. त्यातला उजवीकडचा तो मुकादम. आणि तुझी जागा रिकामी राहिली तर पाचही वेळा कुणीतरी वर गादीपर्यंत बघायला येतं. पुडी ओढायला जाणाऱ्याला दिवसातून पाच वेळा कुणी शोधत आलं तर त्याची पंचाईतच की. हे ऐकून मी काही बोलले नाही. मी काही बोलत नाही हे पोस्टवालीला इतकं नवीन वाटलं की तिनं पाणी हवंय का विचारलं. तेव्हा नमाजेबद्दल मी आधी जे बोलले त्यातलं थोडं परत घेते. गोळीबद्दलचं नाही. टेकायला माणसं दिली आहेत अल्लाहनं, आणि गोळीही दिली आहे. एक ठेवून दुसरी फेकायला तुला कुणी सांगितलं.

आता तुझा प्रश्न. 'अम्मीनं तेवढ्या आजारात कसं निभावलं ते सविस्तर सांग, म्हणजे मला बळ येईल.'

मी सांगायला लागले. पहाटे कशी उठायची, तोंडावर कसं तेज असायचं, शेवटपर्यंत तक्रारीचा शब्द नाही. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की झोपेतही सांगेन. चार ओळी झाल्या आणि पोस्टवालीनं पेन खाली ठेवलं.

"मी तेव्हाही खालच्याच मजल्यावर होते," ती म्हणाली. "तुमची जमीन पातळ आहे. खरं सांगणार असाल तर लिहिते, नाहीतर दुसरा हात बघा."

इतक्या वर्षांत हिला कधी वर आवाज करून बोलताना ऐकलं नव्हतं. त्या चार ओळी तिनं खोडल्या आहेत, पानाच्या वर दिसतील. आता जे सांगते ते तिच्या धाकानं सांगते असं समज.

गेल्या रमजानच्या आधी डॉक्टरनं तुझ्या अम्मीला बजावलं होतं की तासातासाला पाणी, दिवसात तीन वेळा गोळ्या, रोज्याचं नाव काढायचं नाही. ती ऐकणारी होती. पाण्याची बाटली घेऊन लाँड्रीत जायची, इस्त्रीच्या टेबलावर ठेवायची, तिथे वाफेनं भिंतींना घाम फुटायचा. पहिल्या रोज्याला संध्याकाळी दोन शेजारणी आपल्याकडे बसल्या होत्या, आणि ती कामावरून आली ती बाटली काखेत घेऊन. मी त्या दोघींना म्हटलं, आमच्या वेळी बायका बाळंतपणातून उठून सुटलेले रोजे भरून काढायच्या, आताच्या बायका बाटली कडेवर घेऊन फिरतात. त्या हसल्या. तीही हसली.

दुसऱ्या दिवशी बाटली मोरीतल्या फळीवर उपडी घातलेली होती. मी बघितली. तिला बोलावून हातात द्यायला मला चार पावलं पडली असती. मी दिली नाही. मला बरं वाटलं. आणि मी वस्तीभर सांगत सुटले की माझी पोर बघा, एवढ्या आजारात.

अठराव्या रोज्याला तिचे पाय इतके सुजले की तिनं चपलेचे पट्टे कापले. मी म्हटलं, आता थोडेच राहिलेत. ती म्हणाली, "हो अम्मा, थोडेच." शेवटचा रोजा झाला आणि त्यानंतर ती बावीस दिवस होती, त्यातले बरेचसे दवाखान्यात.

मी तिला न्हाऊ घातलं तेव्हा तिचे ओठ फाटलेले होते. चाळीस वर्षं हे काम करते आहे, तहानेचे ओठ मला कळतात. तिनं ते रोजे अल्लाहसाठी धरले की माझ्या जिभेसाठी, हे त्याला माहीत आहे. मलाही आहे.

आणि मग तू कापड घेऊन आला नाहीस. माझं काम सोपं झालं. येईल त्याला तुझंच सांगायचं. माणसं तुझ्या नावानं थुंकायची, माझ्याकडे कुणी बघायचं नाही. तू केलंस ते वाईटच होतं, ते मी धुऊन देत नाही. पण तू नुसती चादरीत गेलेली मय्यत मागे ठेवलीस. तिला मय्यत केलं ते तू नाही.

तेव्हा तिच्या नावानं काही करू नकोस. ती तुझ्या कामाची नाही, तिची ती गोष्ट मीच शिवलेली आहे. तिच्या रोज्यांमागे माझा टोमणा होता, पुढे अकलेचा दुष्काळ होता. तोच दुष्काळ तू आता हौसेनं पाळतो आहेस, आणि तुला टोमणा मारायलाही कुणी नव्हतं.

गोळी घे. हे पत्र हातात असतानाच उठ आणि डॉक्टरला बोलाव.

नानी


चौदावा रोजा, रविवार

हजरत,

पत्र नाही.

पोस्टवाली म्हणते, टपाल कधीकधी अडकतं. एकतीस वर्षं तिनं हेच लोकांना सांगितलं असणार, तोंड सरावलंय. मी तिला केंद्रावर फोन लावायला सांगितला. कुणीतरी उचलला, म्हणाला, रहिवाशांना फोन देत नाही. मी पेटी उघडली, बंद केली. दाराशी खुर्ची टाकून बसले. मला कुणाची वाट बघायची सवय नाही, माझ्याकडे येतात ती माणसं वाट बघण्याच्या पलीकडे गेलेली असतात.

रागावला असशील तर रागाव. शिव्या लिही. पोस्टवाली गाळून वाचेल, पण मी तिच्या तोंडावरून ओळखेन. फक्त शिव्या तुझ्याच हातच्या पाहिजेत, दुसऱ्याच्या हातचं पत्र मला नको.

नानी


बाविसावा रोजा, सोमवार

हजरत,

आलं तुझं पत्र. सहा ओळी. पूर्वीच्या पत्रांत एवढ्या ओळी नुसत्या अल्लाहच्या तारिफेत जायच्या.

पोस्टवालीनं आधी अक्षर बघितलं आणि मग चष्मा पुसत बसली. मी म्हटलं, वाच आता, का तेही पोस्टानं पाठवणार आहेस.

माझं पत्र मिळालं त्या दिवशी तू फाडलंस आणि दुसऱ्या दिवशी तुकडे जुळवून पुन्हा वाचलंस. मग डॉक्टरला बोलावलंस. त्यानं गोळी कमी मापानं पुन्हा सुरू केली आणि रोजा या वर्षी नाही म्हणून बजावलं. सगळ्यांच्या रोजा सोडायच्या वेळी आता तू पेले मांडतोस आणि पाणी भरतोस. नमाज पाचही चालू आहेत. मुकादम तुझ्याशी बोलत नाही, पण सफेत अजून उजवीकडेच उभा राहतो आणि टेकतो. झाकणवाल्याला माझा सलाम सांग. त्याचं डोकं रिकामं आहे, पण खांदा कामाचा आहे.

आणि शेवटची ओळ. 'माफीचं म्हणशील, तर तुझी तिकडे माझ्यापेक्षा जुनी ओळख आहे, तिथेच माग. इथे दुकान बंद आहे.'

पोस्टवालीला ती ओळ वाचवेना. मी म्हटलं, पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचली. बरोबर आहे. माझाच माल मला परत केलास, घडीही न मोडता. एवढं वळण तुझ्यात कुठून आलं याचा मला फार विचार करावा लागला नाही.

मी गेले तिकडेच मागायला. सवय नाही, त्यामुळे फार वेळ लागला. वाटेत इमाम भेटले, माझ्याकडे बघून म्हणाले, अजून रोजे चालू आहेत का. मी म्हटलं, सोडले, नातवानं सोडायला लावले. तेवढं मात्र त्यांना पहिल्या झटक्यात ऐकू आलं.

एक सांगायचं राहिलं. परवा मागच्या चाळीतली म्हातारी गेली. तिचा मुलगा कापड घेऊन आला, धावतपळत, रडत रडत, आणि आणलं तीनच तुकड्यांचं. दुकानदारानं विचारलं नाही, यानं सांगितलं नाही, पुरुषाच्या मापाचं घेऊन आला. बाहेर माणसं जमलेली, पाणी ऊन झालेलं, आणि तो दारात त्या कापडाकडे बघत उभा. त्याला परत धाडावंसं वाटेना मला. मी घरी आले, पेटी उघडली आणि माझं कापड नेऊन दिलं.

तेव्हा आता पेटीत नुसता कापराचा वास आहे.

माझ्या वेळी कुणालातरी धाडावं लागेल. पोस्टवालीचे गुडघे गेलेत, ती चार गल्ल्या चालत नाही. दुसरं कुणी नाही. दुकान तेच आहे, चौथ्या गल्लीच्या तोंडाशी, त्याच्या दाराला आता हिरवा रंग लावलाय, चुकू नकोस. सांग की बाईसाठी आहे, पाच लागतात. घाई काही नाही, माझं अजून बरंच बोलायचं राहिलं आहे. तोवर गोळ्या वेळेवर घे आणि पायांवर उभा राहा.

आणि या खेपेला कापड घेतलंस की सरळ घरी ये.

नानी